गुरख्याची मेणबत्ती

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला दर्यापूरची ती सर्वधर्म प्रार्थना आठवते. नेपाळच्या भूकंपात गेलेल्यांसाठी मीच ती ठेवली होती. पंडितजी, मौलाना, भंतेजी मंचावर बसले होते. तेवढ्यात आमच्या कॉलनीचा नेपाळी गुरखा दाराशी येऊन हळूच म्हणाला, "काका, माही माय तिथंच दबली. एक मेणबत्ती मले लावू द्या." मी म्हणालो, "पयले पाहुण्याइचं होऊ दे. तवरीक बाहेर चपला सांभाय." मग मी भाषणात नेपाळला भाऊ म्हटलं; शोकसभेतही टाळ्या पडल्या. सगळे निघाले, तेव्हा माझ्या चपला पुढं सरकवत त्यानं विचारलं, "आता लावू काय, काका?" मेणबत्त्या विझून गेल्या होत्या. लोक अजून त्या सभेचं श्रेय मला देतात, आणि आजवर मी ते घेत आलो.