शेवटची तपासणी

डॉक्टरांनी कापसाचा बोळा हातात घेतला आणि विनायकला डोळे मिटायला सांगितलं. विनायक माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी तो आंबे उतरवताना झाडावरून पडला. मणका मोडला आणि कमरेखालचं सगळं अंग मुकं झालं. नव्या उपचारांच्या चाचणीत त्याला घेतलं, तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, "हा प्रयोग आहे. गुण येईलच असं नाही." त्या वाक्यातलं 'नाही' मला ऐकूच आलं नव्हतं. मग मणक्यात मूळ पेशींची इंजेक्शनं झाली, महिनोन्महिने व्यायाम झाला.

"काही लागलं की सांगा," डॉक्टर म्हणाले.

मी त्याच्या पायांकडे बघत राहिले. त्या पायांच्या चाहुलीवरून मी बेल वाजायच्या आधीच दार उघडायचे. आता ते कुणीतरी चादरीवर ठेवून विसरून गेल्यासारखे पडले होते. बोटाला कापूस लागला हे कळणं म्हणजे केवढी श्रीमंती, आणि आपण ती जन्मभर चपलेत घालून फिरतो.

"कळलं," विनायक म्हणाला. "अंगठ्याला."

डॉक्टरांचा हात अजून हवेतच होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुरी तपासणी करून, कागदावर नोंद करून ते बाहेर गेले.

मी त्याच्या पायांवर पांघरूण ओढलं.

"काहीच लागलं नव्हतं ना?"

"नाही गं," डोळे न उघडताच तो म्हणाला. "पण तू श्वास रोखून उभी होतीस, ते कळत होतं."