वरच्या पाच जुड्या

मार्चमधला सोमवार, माल दोनशे रुपयांचा. हजर तिघे: स्टोअर सांभाळणारा मी, कंपनीनं नवा बसवलेला कॉम्प्युटर आणि खुटबावहून कॅन्टीनला मेथी आणणारा शेतकरी.

ऑर्डर शंभर जुड्यांची होती. त्यानं नेहमीसारख्या पाच वर घातल्या होत्या. ऑर्डरपेक्षा जास्त माल कॉम्प्युटर घेईना, म्हणून पावती निघेना, आणि पावतीशिवाय गेटवरचा वॉचमन टेम्पो सोडेना. शिरूरच्या बाजारात न्यायची शेतकऱ्याची बाकीची भाजी टेम्पोत उन्हानं सुकत होती.

"मामा, पाच परत न्या," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

तो भाजीवर पाणी शिंपडत राहिला. "दिल्यालं परत न्हाई नेत. मशिनला सांगा की समजावून."

वैतागून मी एकशे पाचांची नवी ऑर्डर काढली आणि त्याच्या हातावर दोनशे दहा रुपये ठेवले. त्यानं ते दोनदा मोजले.

"पैसं एकशे पाचाचं दिलं व्हय? मग वर काय दिलं मी?" म्हणत त्यानं आणखी पाच जुड्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.