त्याले गाडीवरून उतरवा

ती घटना आजही आठवली की मी समोरच्या माणसाचं तोंड सोडून आधी त्याचे हात बघतो.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाण्याचा फोन वाजला, जवळ मीच होतो म्हणून उचलला. बाईचा आवाज, तोंडावर पदर धरल्यासारखा. "साहेब, धाड गावावरून शाळेची गाडी बुलढाण्याले येते ना, तिच्या डायवरले गाडीवरून उतरवा. त्याचा उजवा हात चालत नाही. लेकरं मरतीन एखांद्या दिवशी." नाव विचारलं तर फोन बंद. नंबर एका रसवंतीवाल्याचा निघाला. कोणा बाईनं फोन मागून घेतला, ओळखत नाही म्हणाला.

निनावी फोनावर माझा कधीच विश्वास नव्हता. निम्मे भाऊबंदकीचे, उरलेले जळफळाटाचे. पण इथं लेकरं होती. दैनंदिनीत नोंद घातली आणि शाळेला बजावलं, चौकशी होईस्तोवर गाडीवर दुसरा माणूस द्या.

शाळेचा व्यवस्थापक चिडला. ड्रायव्हरला लकवा मारला होता हे खरं, पण कित्येक महिने घरी राहून, डॉक्टरचा फिट असल्याचा दाखला आणूनच तो कामावर परतला होता. दाखला अस्सल होता. डॉक्टरांकडं गेलो तर ते म्हणाले, "मी स्वतः तपासलंय. गड्यानं माझा हात असा दाबला की बोटं दुखली!" मला डॉक्टरांचाच संशय आला. इतकी छातीठोक ग्वाही देणारा माणूस मला आधीपासून आवडत नाही.

ड्रायव्हरला ठाण्यात बोलावलं. चाळिशीचा, अंगानं भरलेला, नजर जमिनीवर. "हात वर कर." केला, अगदी डोक्याच्या वर. "दुखतो?" "नाही साहेब. चांगला हाये. कोनं चुगली केली, नाव सांगा फक्त." मी प्रश्न फिरवून फिरवून विचारले, तो घसरला नाही. मग मी माझा जुना उपाय केला. त्याला बाकावर बसवलं आणि विसरून गेल्यासारखं माझं काम करत बसलो.

दात बघूनच कळत होतं, गडी तंबाखूचा. दुपारपर्यंत त्याची चुळबुळ सुरू झाली. आमच्या हवालदाराला दया आली. ठाण्यात तंबाखू चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्यानं आपली पुडी आणि चुन्याची डबी त्याच्या पुढ्यात धरली. ड्रायव्हर पुडीकडं बघत राहिला. "मळूनच द्या ना भाऊ," तो हळूच म्हणाला.

आता आमच्या भागात मळलेली तंबाखू एकमेकांना देतातच. पण अख्खी पुडी हातात आल्यावर कोणता शौकीन दुसऱ्याला मळायला सांगतो? ज्याला त्याला आपलाच चुना, आपलाच अंगठा लागतो. मी कान टवकारले. "नाही. तूच मळ," मी म्हणालो.

त्यानं डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, उजवा अंगठा वर ठेवला. अंगठा जागचा हलेना. दाबायला गेला तर सगळी तंबाखू मांडीवर सांडली. तो तशीच सांडलेली तंबाखू बघत रडायला लागला.

"मंग डॉक्टरनं कोणाला तपासलं बे?" मी ओरडलो.

"भावाले," तो म्हणाला.

पाठचा भाऊ, चेहरा एकाच साच्यातला. ह्याचं आधार कार्ड घेऊन तो डॉक्टरसमोर उभा राहिला, आणि आधारवरचा फोटो तर कोणाचाही वाटतो! ड्रायव्हरला डॉक्टरांपुढं नेलं तेव्हा ते गार पडले. "हा तो नव्हेच," एवढंच म्हणाले. दोघा भावांवर तोतयेगिरीचा गुन्हा दाखल झाला.

"गिअर टाकताना स्टिअरिंग कशानं धरायचास?" मी विचारलं.

"कोपरानं." मी पुढं विचारलं, "काऊन केलं असं?" तर म्हणे, "घरी पडून येडा होऊन राह्यलो होतो साहेब. गल्लीत लोकं लुळा म्हनत. गाडीवर लेकरं काका म्हनतात." राग आणि कीव मला एकदमच आली.

भावाचा जबाब घ्यायला त्यांच्या घरी गेलो. दारात एक काळीपिवळी जीप थांबली आणि त्याच शाळेच्या गणवेशातली मुलगी उतरली. ड्रायव्हरचीच लेक. बाप गाडीवर होता तेव्हाही ती जीपनंच जायची, असं जीपवाला म्हणाला. मी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "बापाची बस असताना पोरगी जीपनं काऊन जायची?"

तिनं आधी लेकीला आत पाठवलं. "माही लेक तं म्या उतरवली साहेब. मंग दुसऱ्याइची लेकरं रोज चढतानी पाहू कसं?"

आवाज तोच होता, फोनवरचा. मी काही लिहून घेतलं नाही. खबर देणाऱ्याचं नाव न फोडणं हा पोलिसाचा धर्म आहे, आणि इथं तर ते फुटलं असतं तर घरच फुटलं असतं. या केसनं मला एक शिकवलं. माणूस कामाला फिट आहे की नाही हे डॉक्टर सांगतोच, पण त्याच्या घरची माणसं आपली लेकरं त्याच्या हवाली करतात का, तेही बघावं.

निवृत्तीनंतर एकदा धाडच्या बाजारात ती नवरा-बायको दोघं दिसली, वांगी-मिरच्या घेऊन बसलेली. तो डाव्या हातानं तोलत होता. मला बघून उठला. "साहेब, आता तरी सांगा, फोन कोनाचा होता?"

"निनावी होता बाबा," मी म्हणालो.

बायकोनं मान वर केली नाही. तळहातावर तंबाखू मळली, थाप मारून चुना उडवला आणि चिमूट त्याच्या हातावर ठेवली. ती ओठात धरत तो म्हणाला, "जाऊ द्या. हिच्याच भरोशावर हावो पाहा साहेब मी आता."