आमच्याकडे मुलगी नाही

सायबर कॅफे नवे होते तेव्हाची गोष्ट. वर्ध्याच्या बाजारात आमचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान होतं. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. आजोबांचं नाव मात्र दोघांनाही हवं होतं, म्हणून पाटी दोन्हीकडे तीच लागली. अडलं ते ईमेलपाशी. काकांनी आधी जाऊन आजोबांचं नाव आणि आडनाव जोडून पत्ता घेऊन टाकला. मागाहून बाबा गेले तर तो मिळेना. मग कॅफेवाल्याने नाव-आडनावाच्या मधे एक आडवी दांडी टाकून दिली. बाबा खूश. आपलं कसं सुटसुटीत दिसतं, म्हणाले, त्याचं तर सगळं एकमेकाला चिकटलेलं आहे.

त्याच सुमारास माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं. काकांच्या कानावर हे घालायचं नाही असं घरात ठरलं होतं. आतेबहिणीच्या वेळी त्यांनी मुलाची चौकशी इतकी मनापासून केली होती की त्याच्या साहेबापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना भेटून आले. ते लोक पुन्हा फिरकले नाहीत.

बाबांनी माझा बायोडाटा अमरावतीच्या एका घरी पोस्टाने पाठवला. आमचा फोन बंद पडला होता, म्हणून खाली ईमेल दिला. पत्ता लांबलचक. ओळीत मावला नाही आणि नेमका दांडीपाशी तुटून खाली गेला. मुलाचे वडील निवृत्त मास्तर. शब्द ओळीत मावला नाही की जोडरेघ देऊन उरलेला खाली नेतात, हे त्यांनी जन्मभर शिकवलेलं. त्यांनी रेघ गाळली आणि त्यांचं ईमेलवरचं पत्र काकांकडे गेलं.

त्यात एवढंच होतं: बायोडाटा पसंत आहे, रविवारी मुलगी पाहायला येतो. काकांना दोन मुलगे. त्यांनी सरळ उत्तर टाइप करून घेतलं, आमच्याकडे मुलगी नाही.

मास्तरांना हा अपमान वाटला. नकार द्यायचा तर नीट द्यावा, असं म्हणत ते बायोडाटा घेऊन दुसऱ्याच दिवशी एसटीने वर्ध्याला आले. पाटी वाचून आत शिरले, ते काकांच्याच बाजूला. काकांनी कागद घेतला, फोटो पाहिला आणि मास्तरांचा हात धरून त्यांना आमच्या बाजूला आणलं.

तेव्हा मी जुना पंजाबी ड्रेस घालून, करवतीने पाइप कापत बसले होते. केसांत प्लास्टिकचा भुसा. बायोडाटात छंद म्हणून भरतकाम लिहिलं होतं.

"भाऊ," काका म्हणाले, "हे मुलगी पाह्यले आले. मी तं नाई म्हणून कळवलं. मले सांगतलं काऊन नाई?"

बाबांनी पाइप सरकवून मास्तरांना बसायला जागा केली. मग त्यांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत काकांनी डोळे पुसले आणि स्टूल ओढून चौकशीला बसले. पगार, प्लॉट, चष्म्याचा नंबर, सगळं झालं. मास्तर प्रत्येक प्रश्नाला परीक्षेसारखं उत्तर देत होते.

"मुलगा झोपेत घोरते का?" काकांनी विचारलं.

बाबांनी कपाळाला हात लावला. मास्तर थोडा विचार करून म्हणाले, "घोरतो. आमच्याकडे सगळेच घोरतात."

मला हसू आवरेना. मला पाहून मास्तरही हसले, आणि करवत जरा हलकी धरा, म्हणजे हात दुखणार नाही, असं मला सांगून गेले.

रविवारी मुलगा आला. त्या वेळी मी साडी नेसले होते, पण त्याने पहिला प्रश्न करवतीचाच विचारला. लग्न ठरलं. निमंत्रणपत्रिकेत बाबांनी आपला ईमेल छापला, तोही ओळीच्या टोकाला तुटला. निम्म्या पाहुण्यांची पत्रं काकांकडे गेली आणि त्यांनी बाबांना न विचारता सगळ्यांना चार दिवस आधीच मुक्कामाला बोलावलं.