सोनेरी माशांची वाटणी

सोनेरी मासे स्वभावाने शांत असतात, असं ज्याने सांगितलं, त्याच्या घरी ते नव्हते.

लढाई संपली आणि आमचे मामा पलटणीतून इस्लामपूरला परतले. इतरांचे मामा येताना कांबळी, ट्रंका, फार तर विलायती वस्तरा आणत. आमच्या मामांनी कलकत्त्याहून मांडीवर सांभाळत आणलं एक काचेचं भांडं, आणि त्यात चार सोनेरी मासे!

"सुशीला बघाय पलूसचं पाव्हणं येणार न्हवं? बैठकीत ठिवा. बघतच ऱ्हातील!" मामा म्हणाले.

बघण्यासारखं त्यात एवढंच होतं, की एक थोराड मासा उरलेल्या तिघांना दिवसभर पिटाळत होता आणि सापडेल त्याची शेपटी कुरतडत होता. आईने कपाळाला हात लावला. "आरं, त्येंनी पयलंच सांगून धाडलंय, शांत घरातली पोरगी पायजे म्हून. हितं तर मासंबी भांडत्यात! ह्ये लगीन मोडलं तर पोरीनं काय करायचं?"

मी साताऱ्याला राहून मॅट्रिक झालो होतो (दुसऱ्या खेपेला, पण झालो होतो). त्यामुळे माशांचं मन ओळखायची जबाबदारी साहजिकच माझ्यावर आली.

"भूक!" मी निदान केलं आणि भाकरी कुस्करून टाकली. पाण्याची आंबील झाली, मारामारी तशीच. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. थोराड मासा आणखीच चेकाळला.

"दादा, भांडं ल्हान हाय. त्येंनी पळून जायचं कुटं?" सुशी म्हणाली.

"तू तुझ्या लुगड्याचं बघ!" मी म्हणालो. बहिणीच्या तोंडून शहाणपण ऐकायला मी मॅट्रिक झालो नव्हतो.

"त्या म्होरक्याला गार्डात टाक!" मामांनी हुकूम सोडला. म्होरक्याला घागरीत डांबलं. त्याची पाठ फिरताच दुसऱ्याने गादी चालवली! त्याला काढलं, तर तिसरा चवथ्याच्या मागे!

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या भावकीत भांडण विकोपाला गेलं की काय करतात? वाटणी! आमचे चुलते पूर्वी रोज डोकी फोडायचे, वेगळे निघाल्यापासून फक्त सणासुदीला फोडतात. मी चौघांची रीतसर वाटणी केली. एक घागरीत, एक कळशीत, एक काचेच्या भांड्यात आणि एक घासूनपुसून लखलखीत केलेल्या पितळी तांब्यात. घरात शांतता पसरली. त्या आनंदात कुठला वाटेकरी कुठे ठेवलाय, हे घरच्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

पाहुणे आले, घोंगड्यावर टेकले. रिवाजाप्रमाणे आधी गूळ-पाणी. मामांनी आतला भरलेला तांब्या उचलून मुलाच्या वडिलांच्या, म्हणजे भरघोस मिशांच्या आप्पांच्या, हातात दिला. आप्पांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, मान मागे केली आणि वरून धार धरली. धार आली. धारेमागून वाटेकरी आला!

"आयाऽयाऽया! काय पडलं रंऽऽ!"

मासा मिशीवर आपटला आणि धोतरात शिरला. आप्पा घोंगड्यावर नाचू लागले. "साप हाय का काय, आँ?"

आत लाजत बसायची ती सुशी तीरासारखी बाहेर आली. तिने आप्पांच्या सोग्यातून मासा उचलला आणि अंगणात बैलांच्या दगडी डोणीत सोडला. उरलेले तिघेही तिने तिथेच ओतले. एवढं ऐसपैस पाणी मिळताच चौघे एकमेकांकडे ढुंकूनही न बघता फिरू लागले.

"तांब्यात मासा ठिवायची अक्कल कुणाची?" आप्पांनी मिशी पुसत विचारलं. घरातल्या सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. (एरवी आमच्यात एवढं एकमत कधी होत नाही.)

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी वाटणीचं तत्त्व समजावून सांगितलं!

"म्हंजी भांडान झालं की वाटणी?"

"व्हय!" मी छाती काढून म्हणालो. आईने डोळ्यांना पदर लावला. सुशीकडे बघायचा मला धीर होईना. आता जमत आलेलं लग्न माझ्यापायी मोडणार, एवढं मलाही कळून चुकलं.

"पोरगी पसंत हाय," आप्पा म्हणाले. "लय धीराची. पर येक अट हाय. माजी चार पोरं येका चुलीवर जेवत्यात. पोरीच्या ह्या भावानं आमच्यात मुक्काम करायचा न्हाई!"

ती अट आजतागायत पाळली जाते. मी बहिणीकडे सकाळी जातो, जेवतो आणि दिवेलागणीच्या आत मला गाडीत बसवून दिलं जातं. चौघे भाऊ अजून एकत्र नांदताहेत. त्या एकोप्यात माझा वाटा केवढा, हे मात्र कोणी कबूल करत नाही!