सोताच्या डोळ्यानं

"सोताच्या डोळ्यानं बघून आलोय, मंडळी!" माईकवर दोनदा फुंकर मारून मामा हे वाक्य टाकायचे, आणि मग काय बघून आले ते सांगायचे. कुठं साड्यांचा सेल लागलाय, कुठं जत्रेत पाळणे आलेत, कुणाच्या घरी दुःखद निधन झालंय. रिक्षात पुढं ड्रायव्हर, मागं मामा आणि टपावर माझा भोंगा. माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात अलाउन्सिंग करायला दुसरा माणूसच नव्हता. तुमच्याही गावात असा एखादा आवाज असेल. त्या माणसाचा चेहरा धड आठवत नाही, पण गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की हातातलं काम थांबतं.

गंमत अशी, की मामा खरंच बघून यायचे. साड्यांचा सेल असला तर आधी दुकानात जाऊन पदर बोटांत चुरगाळून बघणार. दुकानदार वैतागायचा. "मामा, तुम्हाला नेसायचीय का?"

"मला न्हाय. पर ज्यांना नेसायचीय त्या मला रस्त्यात धरत्यात."

एकदा जत्रेत मौत का कुवा आला होता. 'बाई गाडी चालवते' असं ओरडायचं काम होतं. मामा बघून आले आणि डोकं खाजवत मला म्हणाले, "मालक, बाई हाय. पर तिचा पाय पलस्तरात हाय. काय बोलू?"

"बाई आहे एवढंच बोला."

ते ऐकतील तर मामा कसले! गावभर ओरडत फिरले, "बाई हाय, मंडळी! पाय बरा झाला की गाडी चालवंल!" कुव्याचा मालक माझ्याशी भांडायला आला तेव्हा मामा माझ्याच दुकानात मागं बसून चहा पीत होते.

मोठ्या शहरांचं बरं असतं. साथ आली की तिथं वॉर रूम उघडतात, मोबाईलवर नकाशे येतात, रोज संध्याकाळी कुणी साहेब टीव्हीवर आकडे सांगतो. आमच्याकडं मामा होते. कोरोनात रस्त्यावर कुत्रं नव्हतं तेव्हा त्यांची रिक्षा फिरायची. "दवाखान्यात जाऊन बघून आलोय, मंडळी. खाट रिकामी न्हाय. घरात बसा!" लस आली आणि नको नको त्या अफवा उठल्या. केंद्रावर माशा मारत बसलेल्या नर्सबाईंकडून मामांनी आधी टोचून घेतलं आणि तडक भोंग्यावर आले. "सुई घेतलीय. हात लई दुखतोय. पर जिता हाय! जावा बिगीबिगी!" लोक हसले आणि रांगेला लागले. त्या काळात गावानं विश्वास ठेवला तो एका त्यांच्या आवाजावर.

पुढं एका उन्हाळ्यात खालच्या गल्लीत कावीळ पसरली. आधी एका घरात पिवळे डोळे, मग शेजारच्या घरात, मग घरोघरी. लोक पाणी उकळून पिऊ लागले. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसनं टाकी धुतली, औषध टाकलं आणि मला फोन केला. पाणी आता प्यायला चांगलं आहे, लोक उगीच घाबरलेत, रिक्षा फिरवा.

"टाकी बघून येतो," मामा म्हणाले.

टाकी गावाबाहेर माळावर. ऊन रणरणत होतं. ड्रायव्हर घाई करत होता आणि मला संध्याकाळच्या हळदीचा मांडव गाठायचा होता. "मामा, साहेब सांगतायत ना. बोला आणि मोकळे व्हा," मी म्हणालो. ते दोन क्षण घुटमळले आणि रिक्षात बसले.

खालच्या गल्लीत माईक हातात घेतला, दोन फुंकरा मारल्या आणि जिभेला वळण होतं तेच वाक्य बाहेर पडलं. "सोताच्या डोळ्यानं बघून आलोय, मंडळी! नळाचं पानी चांगलं हाय, बिनघोर प्या!" ते वाक्य बोला असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसनंही नाही, मीही नाही. आणि टाकी खरोखरच स्वच्छ होती. पाईप फुटला होता तो गल्लीतच, गटाराच्या कडेला.

त्या गल्लीतली एक पोटुशी सून त्यानंतर काविळीनं गेली. दिवस गेलेले असताना ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले. मामा त्या घरी बसायला गेले. तिची सासू भांडली नाही, रडलीसुद्धा नाही. नुसतं म्हणाली, "मामा, आमी उकळूनच पीत हुतो. तुमी बघून आलोय म्हनलात, मग म्हनलं गॅस कशाला जाळायचा."

हे मला सांगताना मामा दुकानाच्या पायरीवर उभे होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

मी वकिली केली. फोन ऑफिसचा, पाईप त्यांचा, तुमचा काय दोष? मामांनी ऐकून घेतलं. "ती बाई ऑफिसला वळखत न्हाय, मालक. मला वळखते."

पाईप बदलला. साथ ओसरली. पुढची लग्नसराई लागली, डीजे दणाणले आणि गाव सावरलं. गावं काय आणि शहरं काय, सावरतातच. विसरणं हे त्यातलं निम्मं काम असतं आणि ते आपल्याला चांगलं जमतं. मामांना जमलं नाही. ते आता भोंग्यावर म्हणू लागले, "साड्या निम्म्या किमतीत हायत, असं दुकानदार म्हनत्यात. म्या बघितलेलं न्हाय. तुमचं तुमी बघा."

"अहो, मग पूर्वीसारखं बघून या की!" मी चिडून म्हणालो.

"डोळ्याला काय दिसतंय, मालक? पानी सुदा निवळशंखच दिसत हुतं."

दुकानदार आधी हसले, मग माझ्यावर चिडले. शेवटी मी शहरातून एका मुलीच्या गोड आवाजात जाहिरात भरलेला पेन ड्राइव्ह आणला. मामांना ते सांगताना मी उगीच वायरी गुंडाळत बसलो होतो. ते म्हणाले, "बरं क्येलं. तिला रस्त्यात कुनी धरनार न्हाय."

काही दिवसांनी ते अणदूरला बहिणीकडं राहायला निघाले. जाताना दुकानात आले. उन्हातनं चालत आले होते म्हणून मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास उजेडाकडं धरला.

"नळाचं?"

"नाही मामा, जारचं. घरीसुद्धा आम्ही जारचंच पितो."

"कवापासनं?"

"झाली की बरीच वर्षं."

ते ग्लासाकडं बघत राहिले. "मंजी तवा तुमच्यात कुनी आजारी..."

"नाही," मी म्हणालो. तोवर हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, शपथेवर सांगतो. नळाचं पाणी बिनघोर प्या म्हणून ज्या माझ्या भोंग्यानं गावाला सांगितलं, त्या माझ्या घरात नळाचा थेंब कुणी पीत नव्हतं. मला कशावर संशय नव्हता, नुसती सवय होती. आणि मीच त्या माणसाला म्हणालो होतो, बोला आणि मोकळे व्हा. मान वर करायची माझी छाती होईना. आता मामा मला बोलणार, आणि त्यांनी बोलायलाच हवं, असं वाटत होतं.

मामांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "लई बरं झालं बगा," ते म्हणाले, "तुमची लेकरं वाचली."

टोमणा नव्हता तो. त्यांच्या आवाजातला खर्ज आणि धार मी वर्षानुवर्षं मशीनवर बसवत आलो होतो; मला कळलं असतं. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टँडकडं चालू लागले.

गेल्या थंडीत ते अणदूरला वारल्याचं फोनवर कळलं. मी गेलो नाही. त्यांनी त्या दिवशी दोन कचकचीत शिव्या हासडल्या असत्या तर कदाचित गेलो असतो. आमच्याकडं अजून जारच येतो.