दाजींशी एकमत

आमच्या दाजींना तोंडावर मूर्ख म्हटलं तर ते हसायचे, पण त्यांचं म्हणणं पटलं म्हटलं की चिडायचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आता पाहायची उमेदही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. शाहूपुरीत त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की शेतकरी ती टेम्पोत घालून दाजींकडे आणायचे आणि दाजी तिच्यात नवी तार भरून द्यायचे. तिकडे ऊस वाळत असायचा, माणूस काकुळतीला आलेला असायचा, आणि दाजी हातातली तार खाली ठेवून विचारायचे, "पावणं, आजवरचं सगळ्यात मोठं गाणारं कोण?"

दाजींचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं: बाई. बाईंचं नाव ते कधी घेत नसत. कानाच्या पाळीला हात लावून नुसतं "बाई" म्हणायचं, समोरच्यानं काय ते ओळखायचं. न ओळखणाऱ्याची मोटार एक दिवस उशिरा मिळायची. पण "व्हय व्हय, बाईच मोठ्या" असं म्हणून सुटू पाहणाऱ्याची त्याहून उशिरा. "ह्यो घाबरून बोलला," दाजी म्हणायचे. "ज्याला भांडाय येत न्हाय त्यानं गाणं ऐकलंच न्हाय." एकदा शाहूवाडीकडच्या एका भातशेतीवाल्यानं सरळ सांगितलं, की आमच्या देवळात भजन म्हणणारा म्हातारा सगळ्यात मोठा. दुकानातली माणसं हसली, दाजी हसले नाहीत. ऐकल्याशिवाय कसं बोलायचं, म्हणून पुढच्या एकादशीला मोटारसायकल काढून हा गृहस्थ त्या डोंगरात गेला आणि घोंगड्यावर बसून अख्खं भजन ऐकून आला. आल्या आल्या अक्काला म्हणाले, "गेलतो. दम हाय म्हाताऱ्यात. पर बाई त्या बाईच." अक्का म्हणाली, "भाजी आणलासा का?"

अक्काला गाण्यातलं काही कळत नसे आणि कळून घ्यायचंही नव्हतं. घरात बाई लागल्या की तिची चटणी वाटायची वेळ व्हायची आणि मिक्सर सुरू व्हायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दाजींनी साडीऐवजी बाईंच्या कॅसेटी आणल्या होत्या, ते ती जन्मात विसरली नाही. मी गेले की दाजी मला गाठायचे. "मेव्हणीबाई, तुमच्या घरात देवानं कान कुणालाच दिलं न्हाईत काय?" मी म्हणायची, "दिलेत की. म्हणून तर मिक्सर लावतोय." मग स्वारी दिवसभर खूश असायची.

पण त्यांचा खरा जोडीचा गडी म्हणजे दुकानासमोर बॅगा शिवणारे चाचा. चाचांच्या मते सगळ्यात मोठे गाणारे म्हणजे एक खाँसाहेब. दुपारच्या चहाला दोघं एका बाकावर बसायचे आणि आवाज असा चढायचा, की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, आता डोकी फुटणार. "तुझ्या बाईनी वरचा सूर लावला की मला मशीनला तेल घालावं वाटतंय," चाचा म्हणायचे. "आणि तुझा खाँसाहेब खाली उतरला की जळकी मोटार बरी वाटती," दाजी म्हणायचे. चाचांच्या मुलीच्या लग्नात ह्या दोघांपायी पंगत खोळंबली होती. दाजींची आई गेली तेव्हा तर पंचगंगेवरून परत येताना रिक्षात दोघांची ह्याच विषयावर जुंपली. लोकांनी नावं ठेवली. पण अक्का सांगते, त्या दिवशी हे घरी येऊन दोन घास जेवले ते त्या भांडणामुळंच.

गेल्या वर्षी दाजींचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी अक्काला बाजूला घेऊन सांगितलं, की गाठ आहे, सगळीकडे पसरलीय, आता हातात काही नाही. अक्कानं तिथंच ठरवलं, दाजींना हे कळू द्यायचं नाही. "अल्सर हाय म्हणून सांगायचं," ती मला म्हणाली. "कळलं तर हाय खातील. हाईत ते दिवस बी जातील." आम्ही सगळ्यांनी ते पाळलं. तिखट बंद, तांबडा रस्सा बंद, एवढीच दाजींची तक्रार होती. मी नेसरीहून दर आठवड्याला येत होते, आणि खोटं हसून हसून माझी गालफडं दुखायची.

चाचा पहिल्यांदा घरी भेटायला आले तेव्हा अक्कानं त्यांना दारातच गाठलं. खरं काय ते सांगितलं आणि हात जोडले. "आज भांडू नगासा. त्यास्नी तरास सोसायचा न्हाय. काय म्हणतील त्याला व्हय म्हणा."

चाचांना बघून दाजी कितीतरी दिवसांनी उशीला टेकून बसले. अंगावर काही उरलं नव्हतं, पण डोळ्यांत जुनी खोड दिसली. "काल मोबाईलवर तुझा खाँसाहेब लावलावता," ते म्हणाले. "दमा झाल्यागत गातोय, मर्दा. बाईंच्या दारात चपला राखायची लायकी न्हाय."

चाचांनी मान खाली घातली. "व्हय रं. बरोबर हाय तुझं. बाईच मोठ्या."

"काय म्हणालास?"

"बाईच मोठ्या."

दाजींनी चाचांकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या अक्काकडे, मग माझ्याकडे. मी फरशीकडे बघत राहिले.

"किती दिवस ऱ्हायलेत?" दाजींनी विचारलं.

चाचा टोपी काढून हातात फिरवायला लागले.

"चाळीस वर्सात ह्यो गडी वाकला न्हाय, आज वाकला," दाजी म्हणाले. "अल्सरला कोण एवढा मान देतंय व्हय?"

अक्का तिथंच खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मला तिचा राग आला, चाचांचा आला, माझा आला. एवढ्या मायेनं जपलेलं गुपित आमच्या त्या मायेनंच फोडलं होतं. दाजी रडले नाहीत. थोड्या वेळानं चाचांना म्हणाले, "उद्या ये. आणि माणसासारखं भांड. असलं काय करणार असशील तर येऊ नगंस."

चाचा रोज आले. आधी आधी त्यांचा आवाजच फुटेना. "जोर लाव की," दाजी म्हणायचे, आणि तो म्हातारा डोळे पुसत पुसत बाईंना नावं ठेवायचा. अक्कानं पुन्हा कधी अडवलं नाही. पुढं दाजींचं बोलणं गेलं. दुखण्यानं दिवसभर कण्हायचे, ते ऐकवत नसे. तरी खाँसाहेबच मोठे असं चाचा म्हणाले, की चादरीवर दाजींचं एक बोट हलायचं, न्हाय म्हणून. एका सकाळी चाचांनी तेच म्हटलं आणि बोट हललं नाही. चाचांनी पुन्हा म्हणून पाहिलं. मग ते उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्याच दुपारी दाजी गेले.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि चाचा आले. रिकाम्या कॉटसमोर खुर्ची ओढून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "वैनी, त्या दिवशी तुमी सांगितलं म्हणून मी खोटं बोललो. त्ये माझ्या मनाला लागून ऱ्हायलंय. बाई मोठ्या न्हाईत. मोठं खाँसाहेबच."

मला वाटलं, काय ही वेळ, आणि काय हा माणूस. अक्का ओट्यापाशी होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"न्हाय," ती म्हणाली. "बाईच मोठ्या."

"तुमास्नी गाण्यातलं काय कळतंय, वैनी?"

"कळू दे न्हायतर न कळू दे. बाईच मोठ्या." तिचा आवाज चढला होता. एवढ्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी बहीण भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागली.

चाचा तिचं रडणं ओसरेपर्यंत खाली बघत बसून राहिले. मग टोपी सारखी करून उठले आणि म्हणाले, "उद्या चहाला येतो."

"या," अक्का म्हणाली.